रिकामा समास: डिजिटल नोंदींचा स्वाध्याय वर्गात कसा राबवावा

पहिलीपासून आपण मुलांना वहीच्या डावीकडे समास सोडायला शिकवतो, पण त्या समासात काय लिहायचे असते हे सहसा कोणी सांगत नाही. तेथे प्रश्नाचा क्रमांक येतो, तपासणीच्या वेळी शिक्षकांची लाल शाई येते, फार तर ‘अक्षर सुधारा’ असा शेरा येतो. वाचणाऱ्याने आपली शंका किंवा हरकत मांडावी यासाठीही ती जागा असते, ही कल्पना मात्र रुजत नाही. छापील पुस्तकाच्या बाबतीत तर उलटाच संस्कार असतो, कारण ग्रंथालयाच्या पुस्तकावर पेन्सिलीची रेघ दिसली तरी बोलणी बसतात. मग पदवीच्या पहिल्या वर्षाला आलेला विद्यार्थी मजकुरावरून नजर फिरवतो, महत्त्वाचे वाटेल ते पिवळे करतो आणि ‘वाचून झाले’ असे सांगतो. तो खोटे बोलत नसतो; वाचणे म्हणजे एवढेच, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

डिजिटल नोंदींचा स्वाध्याय ही समजूत मोडण्यासाठी उपयोगी पडतो. सगळ्या वर्गाने एकच मजकूर पडद्यावर उघडायचा, त्यातील एखाद्या शब्दाला किंवा वाक्याला चिकटवून आपली नोंद लिहायची आणि इतरांच्या नोंदी वाचून त्यांना उत्तर द्यायचे, एवढाच तो आहे. मी हा स्वाध्याय प्रथम वर्षाच्या मराठीच्या वर्गाला देतो. पहिल्या खेपेला मी चौदा पानांची एक पीडीएफ पाठवून ‘वाचा आणि कमेंट करा’ एवढेच लिहिले होते. ‘छान’, ‘खूप सुंदर विचार’, ‘आजही लागू पडते’ आणि जोडलेल्या हातांची चित्रे असे पीक आले. मुलांनी सांगितले तेच केले होते. सांगण्यात खोट होती. पुढे जे लिहिले आहे ते त्या खेपेनंतर हळूहळू बसत गेलेल्या पद्धतीचे वर्णन आहे, आणि उदाहरण म्हणून महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथातील उतारे घेतले आहेत.

मजकूर निवडताना

मजकूर लहान हवा. आठशे ते हजार शब्द, म्हणजे छापील तीन-चार पाने, पुरेसे होतात. त्याहून मोठा मजकूर दिला की सगळ्या नोंदी पहिल्या पानावर साचतात आणि शेवटचे पान कोरे राहते. मजकुरात थोडा खडबडीतपणाही हवा. जो उतारा सरळ गिळता येतो त्यावर नोंद लिहिण्याचे कारणच उरत नाही, आणि जो उतारा प्रत्येक ओळीला अडवतो त्यावर विद्यार्थी दहा मिनिटांत हात टेकतात. जुने वादविवादात्मक गद्य या कामाला फार चांगले, कारण त्यात लेखक काहीतरी ठासून सांगत असतो आणि शब्द ओळखीचे असूनही अर्थाने थोडे सरकलेले असतात.

‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये लिहून पूर्ण झाला. उपोद्घात आणि पाच प्रकरणे अशी त्याची रचना आहे. फुले १८९० मध्ये वारले आणि आपल्याकडील कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे मूळ मजकूर वर्गासाठी मोकळेपणाने घेता येतो. संपादकांच्या प्रस्तावना व तळटीपा मात्र त्यातून वगळाव्यात, कारण त्यांचा हक्क वेगळा असू शकतो. वगळण्याचे दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते: तळटीप समोर असली की विद्यार्थी ती उतरवून काढतात.

मी दोन उतारे घेतो. पहिला उपोद्घाताच्या आरंभीचा, जो शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो आणि म्हणूनच सगळे ओळखतात पण कोणी वाचत नाही. दुसरा पाचव्या प्रकरणातला, जेथे सरकारने शेतीसाठी काय करावे याच्या सूचना येतात आणि लष्करातील व पोलिसांतील शिपायांकडून तालीवजा बंधारे बांधून घ्यावेत, म्हणजे वळवाचे पाणी शेतांत मुरेल, असे फुले सुचवतात. या दुसऱ्या उताऱ्यावर शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असते, आणि तेच मला हवे असते.

मजकूर नोंदींसाठी तयार करणे

मराठी मजकुराच्या बाबतीत या टप्प्यावर सर्वाधिक अडचणी येतात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. आपल्याला मिळणाऱ्या बहुतेक पीडीएफ म्हणजे पुस्तकाच्या पानांचे नुसते फोटो असतात. त्यांतील शब्द बोटाने निवडता येत नाही, आणि शब्द निवडता आला नाही तर नोंद चिकटवायची कशाला? पीडीएफ उघडून एखाद्या शब्दावर बोट दाबून धरावे. शब्द निळा झाला नाही तर ते पान फोटो आहे असे समजावे.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. कृतीदेव, श्रीलिपी यांसारख्या युनिकोडपूर्व फॉण्टांत अक्षरजुळणी झालेल्या पीडीएफमध्ये शब्द निवडता येतो, डोळ्यांना देवनागरीही दिसते, पण तो उतरवून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी बाहेर पडते. अशा मजकुरात शोध चालत नाही आणि नोंदीसोबत उद्धृत होणारे वाक्यही वाचता येत नाही. म्हणून एक ओळ आधी चिकटवून पाहावी.

दोन्ही अडचणींवर एकच उपाय आहे. पान किंवा पानाचा स्वच्छ फोटो गूगल ड्राइव्हवर चढवावा आणि संगणकावरून तो गूगल डॉक्समध्ये उघडावा. ड्राइव्ह त्यातील मराठी अक्षरे ओळखून मजकूर तयार करून देते. हा मजकूर जसाच्या तसा वर्गाला कधीही देऊ नये. रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांत चुका राहतात, आणि अनुस्वाराला अर्थ असतो: आजच्या लेखनात ‘शेतात’ आणि ‘शेतांत’ यांत एक शेत आणि अनेक शेते एवढा फरक आहे, जुन्या गद्यात मात्र एकवचनातही ‘शेतांत’ असे लिहीत. तीन पानांचा मजकूर छापील प्रतीशी ताडून पाहायला मला सुमारे पाऊण तास लागतो. एकदा केलेले काम पुढे वर्षानुवर्षे पुरते, म्हणून तो खर्च करावा. जुने शुद्धलेखन आजच्या नियमांनुसार ‘सुधारू’ नये. तो फरक दिसणे हाही वाचनाचाच भाग आहे. शेवटी प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्यावा, म्हणजे वर्गात ‘ते मधले वाक्य’ असे म्हणत शोधाशोध होत नाही.

साधन कोणते घ्यावे

साधनाचा प्रश्न शिक्षकांना फार मोठा वाटतो, पण तो तेवढा मोठा नाही. माझ्या वर्गातील बहुतेकांकडे संगणक नाही, फोन आहे, आणि फोनवर आधीच एक जीमेल खाते आहे. त्यामुळे गूगल डॉक्सची कमेंट ही सर्वांत कमी कटकटीची सोय ठरते. फाइल देताना ‘कमेंटर’ ही परवानगी निवडावी, ‘एडिटर’ नव्हे. अन्यथा कोणाच्या तरी अंगठ्याखाली फुल्यांचा अर्धा परिच्छेद उडून जातो. कमेंटरलाही मजकुरात बदल सुचवण्याची मुभा असते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात काहीजण नोंद लिहिण्याऐवजी थेट मजकुरातच टंकतात आणि ते हिरव्या-निळ्या अक्षरांत दिसते. असे बदल नाकारून त्यांना पुन्हा दाखवावे. फोनवर डॉक्सचे अॅप उतरवून घेतलेले असावे आणि प्रत्येकाने आपल्या खात्यातून लॉग-इन केलेले असावे, नाहीतर नोंदी निनावी येतात आणि ‘निनावी’ने उत्तम प्रश्न विचारला तर गुण कोणाला द्यायचे हा पेच पडतो.

साठ जणांना एकच फाइल देऊ नये. आठ ते दहा जणांचे गट करून प्रत्येक गटाला मजकुराची वेगळी प्रत द्यावी. मोठ्या गटात पहिल्या पाच जणांनी सगळे ‘सांगून टाकलेले’ असते आणि उरलेल्यांना खरोखरच नवे काही सापडत नाही. गट आडनावानुसार किंवा मैत्रीनुसार न करता हजेरीच्या क्रमांकातून विखरून करावेत, म्हणजे गावाकडचे आणि शहरातले विद्यार्थी एका गटात येतात. याचा फायदा पुढे दिसेल.

संगणक-कक्ष उपलब्ध असेल तर हायपोथेसिस हे मोफत साधन पाहण्यासारखे आहे. त्यात वर्गासाठी खासगी गट करता येतो, कोणत्याही संकेतपृष्ठावर किंवा पीडीएफवर नोंद लिहिता येते आणि नोंदीला खूणशब्द जोडता येतो. हार्वर्ड विद्यापीठातील अध्यापकांच्या कामातून पुढे आलेल्या पेरुसॉलमध्ये तर नोंदींना आपोआप गुण देण्याचीही सोय आहे, पण मराठीतल्या नोंदींचे गुण मी यंत्रावर सोपवत नाही. व्हॉट्सअॅपचा गट मात्र या कामाला अजिबात घेऊ नये. तेथे चर्चा होते, पण शेरा वाक्याला चिकटलेला राहत नाही, आणि शेऱ्याचे बोट वाक्यावरून सुटले की वाचनही सुटते.

ज्यांच्याकडे फोन नाही किंवा घरी नेट पोहोचत नाही त्यांना रुंद समास सोडून छापलेली प्रत द्यावी आणि त्यांच्या नोंदी गटातील एकाने त्यांच्या नावाने फाइलमध्ये चढवाव्यात. ही दुय्यम सोय आहे असे भासवू नये. माझ्याकडे आलेल्या सर्वांत नेटक्या नोंदींपैकी काही पेन्सिलीने लिहिलेल्या होत्या.

सूचनेचे शब्द

हा स्वाध्याय चालतो की बुडतो ते सूचनेच्या शब्दांवर ठरते. माझी सध्याची सूचना पूर्ण देतो:

‘सोबतच्या उताऱ्यात परिच्छेदांना १ ते ९ असे क्रमांक दिले आहेत. मंगळवारी रात्री दहापर्यंत तीन नोंदी लिहा. पहिली नोंद एखाद्या शब्दावर असावी: ज्याचा अर्थ तुम्हाला ठाऊक नाही, किंवा जो आज वेगळ्या अर्थाने वापरला जातो. कोशात काय सापडले आणि त्यांतला कोणता अर्थ या वाक्यात बसतो, हे कारणासह लिहा. दुसरी नोंद अशा वाक्यावर असावी, जेथे लेखकाला थांबवून काही विचारावेसे किंवा त्याच्याशी भांडावेसे वाटते. तिसरी नोंद मजकुरातील गोष्ट तुम्ही घरी, गावात किंवा कामाच्या ठिकाणी पाहिलेल्या गोष्टीशी ताडून पाहणारी असावी; ती जुळलीच पाहिजे असे नाही. एका नोंदीसाठी एका वाक्याहून अधिक मजकूर निवडू नका. गुरुवारी रात्री दहापर्यंत गटातील दोन जणांच्या नोंदींना उत्तर द्या. “सहमत” हे उत्तर नव्हे. सहमत असाल तर मजकुरातील आणखी एक जागा दाखवा, नसाल तर कोणत्या शब्दामुळे नाही ते सांगा.’

एका वाक्याची मर्यादा क्षुल्लक वाटते, पण माझ्या मते ती या सूचनेतील सर्वांत कामाची अट आहे. अख्खा परिच्छेद निवडणारा विद्यार्थी परिच्छेदाविषयी बोलतो, म्हणजे बहुधा विषयाविषयी बोलतो, म्हणजे शेवटी कशाविषयीच बोलत नाही. एक शब्द निवडायला लावले की त्याला निवड करावी लागते, आणि निवड करण्यासाठी वाचावे लागते. केवळ ठळक केलेल्या ओळी मी मोजत नाही. मानसशास्त्रज्ञ डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा जो आढावा घेतला, त्यातही ओळी ठळक करणे व अधोरेखित करणे ही कमी उपयोगाची पद्धत ठरली होती. परीक्षेच्या आदल्या रात्री पिवळेधमक झालेले पुस्तक पाहिलेल्या कोणालाही ते पटावे.

दोन वेगळ्या मुदतींमागेही कारण आहे. एकच मुदत दिली तर सगळे शेवटच्या तासात येतात, लिहितात आणि निघून जातात. उत्तर देण्यासाठी कोणाची नोंद शिल्लकच नसते. ‘भांडावेसे वाटते’ हे शब्दही मी मुद्दाम ठेवले आहेत. थोर पुरुषाच्या मजकुरावर हरकत घेणे म्हणजे त्याचा अपमान, असे आपल्या मुलांना वाटते. त्यांना मी ‘टीका’ या शब्दाचा जुना अर्थ सांगतो: मूळ ग्रंथाचा अर्थ उलगडणारे भाष्य. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच आहे, हे ऐकल्यावर त्यांचा संकोच थोडा कमी होतो.

आधी एकदा सर्वांनी मिळून

सूचना कितीही स्पष्ट असली तरी पहिली नोंद वर्गात, प्रोजेक्टरवर, सर्वांसमक्ष करून दाखवावी. त्यासाठी उपोद्घातातील प्रसिद्ध ओळी घ्याव्यात: ‘विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली, नीतीविना गती गेली, गतीविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले.’ वर्ग त्या तोंडपाठ म्हणतो. मग मी विचारतो, येथे ‘गती’ म्हणजे काय? गेल्या खेपेला तीन उत्तरे आली. एकाला ती ‘स्पीड’ वाटली, दुसरीला ‘प्रगती’, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी ‘मेल्यावर मिळते ती’ असे म्हणाले, त्यावर हशा पिकला. तिघांनाही मी आपापली नोंद लिहायला लावली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येते. तेथे ‘गति’ शब्दाखाली चालण्यापासून अवस्थेपर्यंत बरेच अर्थ दिलेले आहेत. त्यांतला कोणता बसतो हे ठरवण्यासाठी मागच्या शब्दाकडे, नीतीकडे, आणि पुढच्या शब्दाकडे, वित्ताकडे पाहावे लागते. ज्याच्या उत्तरावर हशा पिकला त्या मुलाची नोंदही त्यामुळे वाया गेली नाही. आपला अर्थ ‘वित्ता’शी जुळत नाही असे त्याने स्वतःच खाली लिहिले.

त्याच ओळींवर एका विद्यार्थिनीने हरकत नोंदवली: ‘शिकलेले लोकही लाच घेतात, मग विद्या आली की नीती येते असे कसे म्हणता येईल?’ तिच्या खाली दुसऱ्याने लिहिले की विद्या आली की नीती येतेच, असे वाक्यात कोठेही म्हटलेले नाही. विद्या नसेल तर मती जाते आणि मती गेली की नीती जाते, एवढेच म्हटले आहे. तर्कशास्त्राच्या तासाला जे समजावताना दमछाक होते ते येथे दोन नोंदींत झाले. तिसऱ्याला प्रत्येक तुकड्याचा शेवटचा विशेष शब्द पुढच्या तुकड्याच्या आरंभी येतो, ही ‘साखळी’ दिसली. तेव्हाच मी त्या रचनेचे ‘कारणमाला’ हे नाव सांगितले. नाव आधी सांगितले असते तर साखळी कोणी शोधली नसती.

हे सगळे वीस-पंचवीस मिनिटांत होते. यात शिक्षकाने स्वतःचीही एक खरी शंका मोठ्याने बोलून नोंदवावी. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न विचारला तर मुलांना तो लगेच ओळखू येतो.

नोंदी येऊ लागल्यावर

पहिल्या मुदतीपर्यंत मी कोणत्याही नोंदीला उत्तर देत नाही. शिक्षकांचे उत्तर दिसले की त्या जागेवरची चर्चा तेथेच संपते. अपवाद एकच: कोणी कोणाला दुखावत असेल तर ताबडतोब हात घालावा. हे मी एका वाईट प्रसंगातून शिकलो. एका विद्यार्थ्याने तिसऱ्या नोंदीत वडिलांच्या कर्जाविषयी लिहिले आणि त्याखाली कोणीतरी रात्री थट्टेचे उत्तर टाकले. मी ते सकाळी पाहिले आणि काढून टाकले, पण गटातील दहाही जणांनी ते तोवर वाचले होते. तेव्हापासून मी प्रत्येक फाइलवर ‘सर्व कमेंट’ची सूचना ईमेलवर येईल अशी व्यवस्था ठेवतो. तिसरी नोंद घराऐवजी गावावर किंवा बाजारावर लिहिता येईल असेही स्पष्ट सांगतो, आणि जे चारचौघांत लिहायचे नसेल ते कागदावर लिहून माझ्याकडे देण्याची मुभा ठेवतो. ‘असूड’ जातीविषयी कठोर भाषेत बोलतो. वर्गात सगळ्या जातींची मुले नावानिशी समोर असतात. म्हणून हरकत वाक्यावर घ्यायची, वाचणाऱ्यावर नाही, हा नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहावा.

पाचव्या प्रकरणातील ‘वळवाचे पाणी’ या शब्दांवर दोन नोंदी आल्या होत्या. शहरात वाढलेल्या एका मुलाने लिहिले, ‘वळवाचे पाणी म्हणजे नदीचे वळवलेले पाणी, म्हणजे फुल्यांनी कालव्याची कल्पना मांडली आहे.’ अर्थ वरवर अगदी बसतो! परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ही चूक मला कधीच सापडली नसती, कारण तेथे त्याने ‘पाण्याचे नियोजन’ असे लिहून गुण मिळवले असते. त्याच्याच गटातील, सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातून आलेल्या मुलीने उत्तर लिहिले की वळीव म्हणजे मृगाच्या आधी येणारा पाऊस. तो धो धो येतो आणि माती घेऊन जातो, म्हणूनच तो अडवायचा. पुढे तिने ‘तालीवजा’वर लिहिले: ‘आमच्याकडे शेताच्या बांधाला अजून ताल म्हणतात. ताल फुटली की खालच्या शेतात माती जाते, त्यावरून भांडणे होतात.’ या नोंदीखाली सात उत्तरे आली. एवढी उत्तरे माझ्या कोणत्याही प्रश्नाला मिळालेली नाहीत.

वर्गात त्यांचे काय करायचे

नोंदी लिहून घेतल्या आणि वर्गात त्यांचा उल्लेखही केला नाही, तर दुसऱ्या स्वाध्यायापासून मुले हात आखडता घेतात, आणि ते योग्यच आहे. शुक्रवारच्या तासिकेपूर्वी मी सगळ्या गटांच्या फाइली चाळतो आणि दोन जागा शोधतो: जेथे सर्वाधिक नोंदी जमल्या आहेत ते वाक्य, आणि जेथे एकही नोंद नाही तो परिच्छेद. तासिका पहिल्या जागेपासून सुरू होते; ज्यांच्या नोंदी असतील त्यांनाच त्या वाचून दाखवायला सांगतो.

कोरा परिच्छेद मात्र खरा बोलका असतो. तो एकतर इतका सोपा असतो की सांगण्यासारखे काही नाही, किंवा इतका अवघड की सगळ्यांनी तो गुपचूप ओलांडला आहे. एकदा सहाही गटांनी एकच परिच्छेद कोरा ठेवला होता. वर्गात तो मोठ्याने वाचायला लावल्यावर कळले की त्यातील एक वाक्य दहा ओळींचे आहे आणि त्याचा कर्ता सातव्या ओळीत येतो. कर्ता सापडल्याबरोबर परिच्छेद सुटला. नेहमीच्या पद्धतीने शिकवताना मी त्या परिच्छेदाचा सारांश सांगून पुढे गेलो असतो.

गुण, वेळ आणि उसनी वाक्ये

दहा गुण ठेवावेत: तीन नोंदी आणि दोन उत्तरे मिळून पाच लेखने, प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन. मजकूर न वाचताही जे लिहिता आले असते त्याला शून्य. ठरावीक वाक्याशी बांधलेले, पण त्याच वाक्याचा पुनरुच्चार करणारे असेल तर एक. वाक्यात नसलेले काहीतरी कारणासह पुढे आणले असेल तर दोन, मग ते चुकीचे असले तरीही. वळवाच्या पाण्याला कालवा म्हणणाऱ्या मुलाला मी दोन गुण दिले होते. शुद्धलेखनाचे गुण येथे कापू नयेत. फोनवर मराठी टंकणाऱ्याच्या बोटांची परीक्षा आपण घेत नाही.

साठ जणांच्या वर्गात एका खेपेला तीनशे लेखने होतात आणि ती वाचायला दोन-अडीच तास जातात. दर आठवड्याला हे झेपत नाही. सत्रात चार वेळा, तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने दिले तर शिक्षकही टिकतो आणि मुलेही.

‘हा विचार आजच्या काळातही तितकाच प्रासंगिक आहे’ अशी गुळगुळीत वाक्ये पूर्वी गाइडमधून येत, आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांतून येतात. ती शोधून काढण्याचा पोलिसी उद्योग मी करत नाही. अशी नोंद कोणत्याही वाक्याला चिकटवता येते, म्हणून ती आपोआप शून्यावर जाते. शिवाय शुक्रवारी हजेरी घेताना चार-पाच जणांना ‘तुझी दुसरी नोंद आठव आणि तो शब्द का निवडलास ते सांग’ एवढे विचारतो. मिनिटभराचे काम असते, पण पुढच्या खेपेला नोंदींची भाषा बदललेली असते.

अकरावी-बारावीच्या वर्गात हे करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती अपेक्षिली आहे. नवनव्या संकेतस्थळांवर मुलांची खाती उघडायला लावण्यापेक्षा संस्थेने दिलेली खाती वापरावीत, फाइल फक्त गटापुरती खुली ठेवावी आणि सत्र संपल्यावर तिची परवानगी काढून घ्यावी.

सत्राच्या शेवटी प्रत्येकाने आपल्या सर्व नोंदींतून एक निवडून तिचे अडीचशे शब्दांत लेखन करावे, आणि त्यात दुसऱ्या कोणाच्या तरी नोंदीचा नावानिशी उल्लेख असावा. कोऱ्या कागदापुढे बसून ‘सुरुवात कशी करू?’ असे विचारणारे विद्यार्थी येथे तो प्रश्न विचारत नाहीत, कारण सुरुवात आधीच समासात लिहिलेली असते. फाइल नोंदींसह वर्ड स्वरूपात उतरवून ठेवावी, पण नव्या वर्षाच्या वर्गाला ती आधी दाखवू नये; त्यांना कोरी प्रतच द्यावी. त्यांच्या नोंदी आणि उत्तरे पूर्ण झाली की शुक्रवारच्या तासाला जुनी फाइल शेजारी उघडावी. वळवाच्या पाण्याजवळ आले की वर्ग हसतो, कारण यंदाही कोणीतरी तेथे कालवाच काढलेला असतो.